सनद मिळेल, पण पहिली दोन वर्षं पोट कशावर भरायचं?

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावावरून एका मुलीने लिहिलंय. वय २४, बी.ए. नंतर तीन वर्षांचं एलएलबी केलं, शेवटच्या सेमचा निकाल लागलाय. वडील शेती करतात, घरातच काय अख्ख्या भावकीत कोणी वकील नाही. ती म्हणते, "ताई, वर्गातल्या इंग्लिश मीडियमच्या मुली पुण्या-मुंबईला फर्ममध्ये लागल्या. मला इंग्रजी वाचता येतं पण बोलायला गेलं की अडकते. जिल्हा कोर्टातले एक मोठे वकील म्हणाले ये, पण दोन वर्षं पैशाची अपेक्षा ठेवू नको. मामा म्हणतात वकिलीच्या नादाला लागू नको, डायरेक्ट जज्जची परीक्षा दे, पुण्याला क्लास लाव. क्लासच्या फीसाठी आई पाटल्या मोडायला तयार आहे. घरात लग्नाचंही चाललंय. मला खरंच वकिली करायचीये, पण माझ्यासारखीला जमेल का आणि तोवर पोट कशावर भरू?"

अगं, आधी मामांचं घेते, कारण त्यात आईच्या पाटल्या अडकल्यात. सुप्रीम कोर्टाने २० मे २०२५ ला निकाल दिला की दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर, म्हणजे आपण सगळे जिला जेएमएफसी म्हणतो ती परीक्षा द्यायला किमान तीन वर्षं वकिली झालेली पाहिजे. ही तीन वर्षं तात्पुरती सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, मिळते त्या तारखेपासून मोजायची, आणि दहा वर्षं प्रॅक्टिस झालेल्या वकिलाचं सर्टिफिकेट लागणार, त्यावर प्रधान न्यायिक अधिकाऱ्यांचा शेरा लागणार. कोर्टाने तिथे स्पष्ट म्हटलंय की एक दिवसही वकिली न केलेल्या मुलांना न्यायाधीश करण्याचा गेल्या वीस वर्षांतला अनुभव चांगला नाही. मामांचं मन चांगलं आहे पण त्यांची माहिती जुनी आहे. जाहिरात येईल तेव्हा पात्रतेचा रकाना तू स्वतः वाच, क्लासवाल्याच्या तोंडून ऐकू नको. म्हणजे जज्ज व्हायचं असलं तरी वाट कोर्टातूनच जाते, आणि तुला तर वकिलीच करायचीये, मग आत्ता पुण्याला जाऊन खोली घेऊन क्लास लावण्यात काहीच अर्थ नाही.

आता सनद. रिझल्ट हातात आलाय तर वेळ घालवू नको, बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे अर्ज कर. पूर्वी सनदेच्या नावाखाली राज्याराज्यात हजारो रुपये घ्यायचे, ३० जुलै २०२४ ला सुप्रीम कोर्टाने ते बंद केलं, अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टच्या कलम २४ मध्ये लिहिलीये तेवढीच फी, म्हणजे खुल्या वर्गाला एकूण ७५० आणि एससी-एसटीला १२५ रुपये, स्टॅम्प ड्यूटी असेल ती वेगळी. एजंटाला पैसे देऊन फॉर्म भरून घ्यायची गरज नाही, तू कायदा शिकलीयेस, पहिला फॉर्म तरी स्वतःच्या हाताने भर. मग ऑल इंडिया बार एक्झाम, म्हणजे सनद मिळाल्यावर वकिली चालू ठेवायला द्यावी लागणारी परीक्षा, ती दोन वर्षांत पास व्हायची असते. १०० प्रश्न, निगेटिव्ह मार्किंग नाही, मराठीतूनही देता येते आणि टिपणं न लिहिलेले, कायद्याचा नुसता मूळ मजकूर असलेले कोरे बेअर अ‍ॅक्ट सोबत नेता येतात. कलम कुठल्या कायद्यात कुठे सापडेल एवढा हात बसला की होतं. तिची धास्ती घेऊ नको.

खरा प्रश्न तुझा सिनियरचा आहे आणि त्यावर मी जरा सविस्तर बोलणार आहे, कारण माझी स्वतःची दीड वर्षं इथेच गेली. मी कोर्टात आले तेव्हा माझ्याही घरात कोणी वकील नव्हतं, मी सगळ्यात मोठं नाव बघून एका सिनियरकडे गेले. रोज सकाळी बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या केसेसची यादी, बघायचा, साहेबांच्या केसेस कुठल्या कुठल्या कोर्टात आहेत ते लिहायचं, पुकारा झाला की उभं राहून "साहेब दुसऱ्या कोर्टात आहेत, तारीख मिळावी" म्हणायचं, मुदतीचा अर्ज द्यायचा, पुढची तारीख डायरीत उतरवायची. संध्याकाळी ऑफिसला झेरॉक्स आणि पेजिंग. दीड वर्षात एकही फाइल पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायला मिळाली नाही, विचारलं तर "घाई काय आहे" असं उत्तर. पैसे तर नव्हतेच. ते सिनियर वाईट माणूस नव्हते, पण त्यांना ज्युनियर नको होता, तारखा घेणारं माणूस हवं होतं, आणि हे मला पहिल्या महिन्यात कळायला पाहिजे होतं.

मग २०१४ साली मी दुसऱ्या एका वकिलांकडे गेले. नाव तेवढं मोठं नाही, ऑफिस म्हणजे दोन टेबलं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला चेक बाउन्सची फाइल दिली, म्हणाले फिर्याद लिहून आण. मी खूश, रात्री बसून चार पानं लिहिली. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझी पानं उघडलीच नाहीत, विचारलं चेक परत आल्याचा बँकेचा मेमो पक्षकाराला कधी मिळाला? मी चेकची तारीख सांगितली. परत विचारलं, मेमो कधी मिळाला, नोटीस कधी पाठवली. तेव्हा मी फाइलमधल्या पावत्या लावून बघितल्या, तर पक्षकाराने नोटीस आपल्या मनाने दुसऱ्याकडून पाठवली होती आणि ती छत्तिसाव्या दिवशी गेली होती. चेक बाउन्सच्या कलम १३८ ला मेमो मिळाल्यापासून तीस दिवसांत नोटीस जावी लागते, मग समोरच्याला पंधरा दिवस, त्याने नाही दिले तर पुढच्या एका महिन्यात फिर्याद. छत्तिसावा दिवस म्हणजे केस मेली असं मला वाटलं. ते म्हणाले आता चेक परत बघ. चेक तीन महिने चालतो, त्याला अजून महिनाभर बाकी होता. चेक पुन्हा बँकेत टाकला, पुन्हा परत आला, नवा मेमो आला, नोटीस आम्ही चौथ्या दिवशी पाठवली आणि केस उभी राहिली. माझी ती चार पानं दाखल झाली असती तर त्या माणसाचे पैसे गेले असते आणि दोष माझा होता, कारण मी लिहायला बसले, वाचायला बसले नाही. कॉलेजात कलम १३८ मला तोंडपाठ होतं गं.

म्हणून तुझ्या त्या मोठ्या वकिलांकडे जायचं का, याचं उत्तर मी हो-नाही देणार नाही, तू बघून ठरव, आणि बघायचं कसं ते सांगते. ई-कोर्ट्सच्या साइटवर केस स्टेटसमध्ये वकिलाच्या नावाने शोधता येतं. त्यांच्या पंधरा-वीस केसेस उघड, प्रत्येक केसची हिस्ट्री बघ. कुठे साक्षीपुरावा झालाय, कुठे निशाणी ५ वर, म्हणजे तात्पुरत्या मनाईच्या अर्जावर, युक्तिवाद होऊन ऑर्डर झालीये, कुठे नुसत्या तारखाच तारखा आहेत. सगळ्या तारखा वकिलामुळे पडत नाहीत, कोर्टातच गर्दी असते, पण वीस केसेस बघितल्या की अंदाज येतोच. मग आठ दिवस त्या कोर्टात मागच्या बाकावर जाऊन बस, कोणी अडवत नाही, सुनावणी खुल्या कोर्टात असते. त्यांचे ज्युनियर काय करतात ते बघ. ज्युनियर एखादा छोटा अर्ज तरी चालवतो का, उलटतपासाच्या वेळी सिनियरच्या शेजारी फाइल उघडून बसतो का दारात उभा राहतो. त्यांच्याकडून सोडून गेलेला एखादा ज्युनियर बार रूममध्ये सापडेल, त्याच्याशी चहावर बोल, त्याने का सोडलं ते विचार.

आणि मुलगी म्हणून एक गोष्ट वेगळी बघायची. त्या ऑफिसला आधी मुली ज्युनियर होत्या का, किती दिवस टिकल्या, संध्याकाळी ऑफिस किती वाजेपर्यंत चालतं, तुझी शेवटची एसटी किती वाजता आहे, बाहेरगावच्या कोर्टात जायचं तर कसं नेतात. जिथून मुली सारख्या सोडून जातात तिथे जाऊ नको, कारण कोणी सांगितलं नाही तरी. यात लाजायचं काही नाही, मी माझ्याकडे येणाऱ्या मुलींना हे प्रश्न मलाही विचारायला सांगते.

पैशाचं. "दोन वर्षं अपेक्षा ठेवू नको" हे वाक्य आपल्या जिल्हा कोर्टांमध्ये इतकी वर्षं चाललंय की सगळ्यांना तो नियमच वाटतो. नियम वगैरे काही नाही. उलट बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये परिपत्रक काढलंय, शहरात ज्युनियरला महिना किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० द्यावेत म्हणून. ती शिफारस आहे, सक्ती नाही, त्यामुळे ते परिपत्रक घेऊन तू कोणाकडे हक्क सांगू शकत नाहीस, आणि खरं सांगायचं तर तालुक्याच्या कोर्टात स्वतः सिनियरलाच महिन्याला किती मिळतात हा प्रश्न असतो. पण एवढं तरी झालंय की आता पैसे विचारणं उद्धटपणा राहिला नाही. मला हे मनापासून वाटतं की फुकट राबवून घेण्याच्या पद्धतीमुळेच शेतकऱ्याघरच्या, मजुराघरच्या मुली दोन वर्षांत कोट खुंटीला टांगतात आणि कोर्टात वकिलांचीच मुलं उरतात. तर सरळ विचार, की सर मी मन लावून काम करीन, पण येण्याजाण्याचा आणि खाण्याचा खर्च मला घरून मागता येणार नाही, तेवढं तुम्ही द्याल का, आणि सहा महिन्यांनी माझं काम बघून परत बोलू का. एवढ्याने जो माणूस चिडेल त्याच्याकडे दोन वर्षं कशी काढशील? आणि जो म्हणेल, बाई गं मला पाच हजारच जमतील पण फाइल तुझ्या हातात देईन, त्याच्याकडे जा, अगदी डोळे झाकून.

बाकी चार पैसे कुठून येतात तेही सांगते. बँकांच्या पॅनलवरच्या वकिलांकडे टायटल सर्चचं काम असतं, दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या दस्तांचे उतारे, काढायचे, तीस वर्षांचे व्यवहार तपासायचे, बोजा आहे का बघायचं. सिनियर लोकांना त्याचा कंटाळा असतो, ज्युनियरला पर-रिपोर्ट पैसे देतात, आणि त्यातून जमिनीचे कागद वाचायची अशी सवय लागते की पुढे दिवाणी दाव्यात ती कायम उपयोगी पडते. भाडेकरार करून देणं हे दुसरं, आपल्याकडे लिव्ह अँड लायसन्स नोंदवावंच लागतं, त्यामुळे शहरात ते काम चालू असतं. तिसरं म्हणजे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, तिथे लीगल एड डिफेन्स कौन्सिलचं ऑफिस असतं आणि असिस्टंटच्या जागेला शून्य ते तीन वर्षं प्रॅक्टिसवालेही चालतात. महिन्याचं ठराविक मानधन मिळतं, खाजगी केस घेता येत नाही, पण ज्याला कोणी नाही अशा आरोपींचे जामीन आणि अख्ख्या फौजदारी केसेस हाताखालून जातात. जाहिरात निघाली तर नक्की भर.

एक मात्र पक्कं लक्षात ठेव, सनद चालू ठेवून पूर्ण वेळ पगारी नोकरी करता येत नाही. कंपनीत लागलीस तर बार कौन्सिलला कळवून प्रॅक्टिस थांबवावी लागते. सूट आहे ती कायदा शिकवण्याला, दिवसाला तीन तासांपर्यंत. मुलं गुपचूप दोन्ही करतात आणि नंतर जज्जच्या परीक्षेला ती प्रॅक्टिस दाखवताना अडकतात, तू तसं करू नको. आणि इन्स्टावर "केस असेल तर संपर्क करा" असले व्हिडिओ टाकू नको, वकिलाला जाहिरात करायला बंदी आहे, बार कौन्सिलच्या नियमातच आहे.

इंग्रजीचं तू पत्रात लिहिलंयस, म्हणजे ते मनाला लागलेलं दिसतंय. बघ, आपल्या जिल्हा आणि तालुका कोर्टांची भाषा मराठी आहे. दावा मराठीत, त्यावरचं प्रतिवादीचं उत्तर म्हणजे कैफियत मराठीत, साक्षीदाराचा सरतपास-उलटतपास मराठीत. आणि बिनचूक मराठी लिहिणारा वकील शोधून सापडत नाही गं. माझ्याकडे इंग्लिश मीडियममधून आलेली मुलं येतात, हुशार असतात, पण वादपत्रात "वादीच्या कब्जेवहिवाटीस प्रतिवादी हरकत अडथळा करीत आहे" एवढं वाक्य लिहिताना घाम फुटतो त्यांना. चतुःसीमा लिहिताना पूर्वेला पश्चिम करतात. साक्षीदार गावचा माणूस असतो, तो "बांध कोरला" म्हणतो, "वाटणी तोंडी झाली" म्हणतो, "आणेवारी लावली" म्हणतो, ते समजून पुढचा प्रश्न विचारायला भाषा आतून यावी लागते, ती तुला घरून मिळालीये.

म्हणून इंग्रजी टाळायचं असं नाही हं. हायकोर्टाचे निकाल इंग्रजीत, कायद्याचा मूळ मजकूर इंग्रजीत, ते वाचता आलंच पाहिजे. बोलण्याच्या क्लासपेक्षा हे कर, सुप्रीम कोर्टाचे बरेच निकाल मराठी अनुवादात मोफत मिळतात, एक निकाल मराठीत वाच, मग त्याचंच इंग्रजी वाच, आणि वहीत तीनच गोष्टी लिही, भांडण काय होतं, कोर्टापुढे प्रश्न कुठला होता, कोर्ट काय म्हणालं. रोज एक. सहा महिने. बोलणं आपोआप मोकळं होईल, कारण मग बोलायला काहीतरी असेल. आणि आता १८ ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापूरला सुरू झालंय, सांगली त्यातच येतं. आमच्या वेळी हायकोर्ट म्हणजे मुंबईला मुक्काम, ज्युनियरला कोण नेतंय. तुझ्या जिल्ह्यातून सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं, सिनियरची अपील असेल तेव्हा स्वतःहून म्हण मी येते, मागे बसते. मुंबईच्या फर्ममध्ये जागा मिळाली नाही म्हणून हायकोर्टाचं दार बंद असं आता तरी नाही.

फौजदारीत तर तू आणि वीस वर्षं वकिली केलेला माणूस बऱ्यापैकी एका ओळीत आहात. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता, साक्ष्य अधिनियम आले, खुनाच्या ३०२ चं १०३ झालं, फसवणुकीच्या ४२० चं ३१८ झालं, अटकपूर्व जामिनाचं ४३८ आता ४८२. आधी घडलेल्या गुन्ह्यांना जुनी आयपीसीच लागते, म्हणजे पुढची कित्येक वर्षं दोन्ही चालणार. जुन्या लोकांच्या जिभेवर जुनी कलमं बसलीयेत, तू नवीन पक्की कर आणि जुन्याशी जोडून ठेव, बार रूममध्ये लोक तुला विचारायला येतील. मी स्वतः माझ्या ज्युनियरला विचारते.

आणि शेतीघरची आहेस तर महसूलचं काम सोडू नको. तहसीलदारासमोर रस्त्याची केस, १९०६ च्या मामलतदार कोर्ट अ‍ॅक्टचं कलम ५, फेरफारावरच्या हरकती, प्रांताकडचं अपील, हे बऱ्याच वकिलांना कमी प्रतीचं वाटतं आणि मला त्यांचा राग येतो, कारण शेताची वाट अडली की पेरणी जाते, ऊस बाहेर निघत नाही, त्या माणसासाठी तीच सगळ्यात मोठी केस असते. सातबारा तू लहानपणापासून बघितलायस. ज्युनियरला स्वतःचा पहिला पक्षकार बहुतेक इथूनच मिळतो.

लग्नाचं मी तुझ्या घरच्यांना काय सांगणार, पण तीन वर्षं मागून घे, तारखेसकट. "नंतर बघू" म्हणू नको, सनद मिळाल्यापासून तीन वर्षं म्हण, कारण तेवढ्यात जज्जच्या परीक्षेची पात्रताही येते आणि मामांनाही सांगायला काहीतरी होतं. स्थळ आलंच तर त्यांना पहिल्याच भेटीत सांग की मी कोर्टात जाणार, आणि नोटरी व्हायला बायकांना सात वर्षं प्रॅक्टिस पुरते, बाकी खुल्या वर्गाला दहा लागतात, म्हणजे मधे खंड पाडायचा नाही हे आत्ताच धरून चाल.

आणि आईला सांग पाटल्या हातातच ठेव. तुला आत्ता लागतंय काय तर काळा कोट, बँड, बसचा पास, दिवाणी प्रक्रिया संहिता आणि नवीन तीन फौजदारी कायदे यांचे बेअर अ‍ॅक्ट, एक जाड डायरी. गाऊनचं सिनियरला विचार, ऑफिसात एखादा जादा असतो. एवढं वडिलांच्या एका उसाच्या बिलातून निघेल. सोमवारी कोर्टात जाऊन बस, आठ दिवस बघ, मग त्या सरांना जाऊन भेट आणि ते काय म्हणाले ते मला कळव.